मत असणे आणि मत देणे

आपल्या भाषेत 'मत' या एकाच शब्दाने दोन निरनिराळ्या गोष्टींचा बोध होतो. एखाद्या विषयासंबंधी मनुष्याच्या बुद्धीने केलेला निर्णय तेही मत, आणि निवडणुकीच्या दिवशी तो यंत्राचे बटण दाबून नोंदवितो तेही मतच. इंग्रजीत या दोहोंस स्वतंत्र शब्द आहेत. त्यामुळे एक नसताही दुसरे देता येते, ही गोष्ट त्या भाषेने जणू आधीच कबूल करून टाकली आहे. आपल्या भाषेने मात्र असे गृहीत धरलेले दिसते की, जो मत देतो त्याजजवळ मत असतेच, आणि ज्याजवळ मत आहे तो ते वेळेवर देतोच. ही गृहीते कितपत खरी आहेत, आणि सामान्य मनुष्याने एखाद्या उमेदवाराविषयी बनविलेल्या मताची किंमत कोणत्या मापाने करावयाची, हा प्रश्न मला ग्रंथांत नव्हे, तर स्वतःच्या घरात पडला. त्याची हकीकत प्रथम सांगतो.

२०२४ सालच्या नोव्हेंबरात दोन निवडणुका पंधरा दिवसांच्या अंतराने झाल्या. ५ तारखेस अमेरिकेच्या अध्यक्षाची, आणि २० तारखेस आमच्या महाराष्ट्राच्या विधानसभेची. दिवाळी नुकतीच सरली होती. फराळाचे डबे अजून रिकामे झाले नव्हते. अशा एका संध्याकाळी नाशिकच्या आमच्या घरी चार-पाच स्नेही जमले होते. कोणी वकील, कोणी डॉक्टर, कोणी निवृत्त अभियंता. बहुतेकांची मुले परदेशी. साहजिकच बोलणे ट्रंप आणि कमला हॅरिस यांच्यावर गेले. एकूण ५३८ निर्वाचकांपैकी २७० ज्याच्या बाजूस तो अध्यक्ष. त्यांतले १९ एकट्या पेनसिल्व्हेनियाचे. म्हणून पेनसिल्व्हेनिया ज्याचे त्याची अमेरिका, असा हिशेब एकाने मांडला. दुसऱ्याने न्यू जर्सीतील आपल्या चिरंजिवांचा अभिप्राय ऐकविला. मीही मागे राहिलो नाही. दोन्ही उमेदवारांच्या स्वभावांचे मी असे काही विवेचन केले की, ते दोघे माझे विद्यार्थी असावेत असे ऐकणारास वाटले असते.

आमच्याकडे धुण्याभांड्यांस येणाऱ्या मावशी चहाचे कप उचलावयास आल्या होत्या. त्या थोडा वेळ ऐकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, तिथं कुणीबी आला तरी आपल्याला काय फरक पडंल?" मी हसून काहीतरी उत्तर दिले. त्यावर त्यांनी सहज विचारले, "मग आपल्या हितं कोण कोण हुभं आहे ते सांगा की."

मला दोन नावे सांगता आली. तिसऱ्यापाशी मी अडखळलो. माझे स्नेही माझ्या साहाय्यास आले नाहीत, कारण त्यांची स्थिती माझ्याहून बरी नव्हती. मावशींस मात्र पाच ठाऊक होती, आणि प्रत्येकाविषयी त्यांचे काही मत होते. अमका नळाला पाणी नव्हते तेव्हा टँकरबरोबर स्वतः आला होता. तमक्याची गाडी गल्लीत शिरते, पण काच खाली होत नाही. एकाचा स्वभाव चांगला, पण त्याच्या भोवतीची पोरे वाईट. इतके सांगून त्या आत गेल्या. त्या गेल्यावर एक स्नेही म्हणाले, "यांची मते ही अशी. टँकर आणि दरमहा पंधराशे रुपये; यापलीकडे दृष्टी नाही." आम्ही सारे हसलो. मीही हसलो. त्या हसण्याचा हिशेब पुढे कित्येक दिवस मला मनाशी करावा लागला.

त्या हसण्याच्या मागे जे तत्त्व आहे ते नवे नाही. ज्या अमेरिकेची आम्ही चर्चा करीत होतो तिच्या राज्यघटनेतच ते बसलेले आहे. अध्यक्षाची निवड लोकांनी थेट करू नये, लोकांनी विवेकी निर्वाचक निवडावेत आणि त्या निर्वाचकांनी शांत चित्ताने योग्य पुरुष शोधावा, ही कल्पना हॅमिल्टनने १७८८ साली मोठ्या विश्वासाने समर्थिली होती. पुढे थोड्याच वर्षांत पक्ष निर्माण झाले आणि ते विवेकी निर्वाचक केवळ निरोपे होऊन बसले. इंग्लंडात जॉन स्टुअर्ट मिल याच्यासारख्या स्वातंत्र्याच्या कैवाऱ्यानेही १८६१ साली असे प्रतिपादिले की, मत प्रत्येकास असावे, परंतु सुशिक्षितांस एकाहून अधिक मते असावीत. त्या देशात विद्यापीठांच्या पदवीधरांस खरोखरच दुसरे मत होते. ते १९४८ सालच्या कायद्याने रद्द झाले. आपल्याकडेही १९३७ च्या प्रांतिक निवडणुकांत मताधिकार शेतसारा, मिळकत, शिक्षण अशा मापांनी मोजून दिलेला होता.

नंतर १९५१-५२ ची निवडणूक आली. सतरा कोटींहून अधिक मतदार, आणि त्यांतील बहुसंख्य निरक्षर. प्रत्येक उमेदवाराची निराळी पेटी आणि पेटीवर त्याची निशाणी, अशी व्यवस्था करावी लागली. मतदारांच्या याद्या होत असता लाखो स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगण्याचे नाकारले. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच ओळख त्यांनी दिली. सुकुमार सेन यांच्या निवडणूक आयोगाने अशा सुमारे अठ्ठावीस लाख नोंदी यादीतून वगळल्या. मतासाठी प्रथम नाव लागते, हा धडा पुढच्या निवडणुकीपर्यंत बहुतेक घरांतून पोचला. मावशींनी त्या संध्याकाळी पाच नावे घेतली तेव्हा मला याची आठवण झाली. ज्या वर्गातील स्त्रिया पूर्वी स्वतःचे नाव सांगावयास लाजत, त्याच वर्गातील एक स्त्री उमेदवारांची नावे मला शिकवीत होती.

परंतु मिलचे तत्त्व आपण सर्वस्वी टाकून दिलेले नाही. राज्यघटनेच्या १७१ व्या कलमाने विधान परिषदेचा एक-बारांश भाग पदवीधरांनी आणि तेवढाच शिक्षकांनी निवडून द्यावयाचा आहे. मी नाशिक विभागात राहतो, पदवीधर आहे, आणि महाविद्यालयात शिकवितो. म्हणजे विधिमंडळापुरतीच मला तीन मते आहेत: विधानसभेचे एक, पदवीधर म्हणून दुसरे, शिक्षक म्हणून तिसरे. माझ्या घरी भांडी घासणाऱ्या मावशींस एकच. तेव्हा सुशिक्षितांचे मत अधिक विवेकाचे असते की काय, हे तपासण्यास आम्हांस दूर जावयास नको.

२०२३ च्या जानेवारीत नाशिक विभागाच्या पदवीधर मतदारसंघात मतदान झाले. नाव नोंदविलेल्या पदवीधरांपैकी निम्म्यांच्या आसपास लोक मत देण्यास गेलेच नाहीत. जे गेले त्यांच्यापैकी दहा हजारांहून अधिक जणांच्या मतपत्रिका बाद ठरल्या. म्हणजे साधारणतः दहांत एक. या निवडणुकीत पसंतीक्रमाचा आकडा घालावयाचा असतो, खूण करावयाची नसते. आणि तोही केंद्रावर दिलेल्या लेखणीनेच. ही सूचना प्रत्येक पदवीधरास वाचता येत होती. माझी मतपत्रिका बाद झालेल्यांत नव्हती, असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. कारण मी घाईने गेलो, घाईने परतलो, आणि काय लिहिले ते आता मला आठवत नाही.

दुसरे उदाहरण नामसाधर्म्याचे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आमच्या जिल्ह्यातील दिंडोरी मतदारसंघात एका अपक्ष उमेदवाराचे आडनाव पुढे निवडून आलेल्या उमेदवाराच्या आडनावाशी जुळत होते आणि निशाणीही तुतारीच्या नावाने जुळत होती. त्या अपक्षास लाखाहून अधिक मते पडली. मूळ उमेदवार लाखावर मताधिक्याने निवडून आले म्हणून बरे. नाही तर त्या सारखेपणाने निकाल फिरला असता. तेव्हा आम्ही शहरातील मंडळी म्हणालो, "खेड्यातल्या लोकांस दोन तुताऱ्यांतला भेदही कळत नाही!" परंतु त्याच सुमारास झालेल्या नाशिक विभागाच्या शिक्षक मतदारसंघातही सारख्या नावांच्या माणसांनी अर्ज भरलेच होते. ज्यांनी ती युक्ती योजिली त्यांस शिक्षकांच्या सावधपणाविषयी फारसा आदर नसावा. आणि २००० साली फ्लॉरिडात, पाम बीच या संपन्न परगण्यात, मतपत्रिकेच्या मांडणीने सुशिक्षित अमेरिकन मतदार गोंधळले. त्या राज्याचा निकाल, आणि त्याबरोबर अध्यक्षपद, अवघ्या ५३७ मतांनी ठरले. डोळ्यांची चूक ही डोळ्यांची चूक आहे. तिच्यावरून बुद्धीचे किंवा नीतीचे माप काढता येत नाही.

यावर कोणी म्हणेल की, चुकांचे राहू द्या. परंतु कारणांचे काय? सामान्य मनुष्य उमेदवारास मत देतो ते टँकरासाठी, कांद्याच्या भावासाठी. याला मत म्हणावयाचे काय?

याचे उत्तर फार पूर्वी ॲरिस्टॉटलने देऊन ठेवले आहे. घर चांगले की वाईट हे बांधणाऱ्यापेक्षा त्यात राहणाऱ्यास अधिक कळते, आणि पक्वान्नाची परीक्षा आचाऱ्यापेक्षा पंक्तीस बसलेला अधिक चांगली करतो, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. ती बंदी मे महिन्याच्या आरंभी, आमच्याकडील मतदानास थोडेच दिवस उरले असता, उठविली गेली. लासलगावच्या बाजारात लिलावाला ट्रॅक्टर उभा करणाऱ्या शेतकऱ्यास चलनवाढीचा सिद्धान्त ठाऊक नसेल. परंतु शहरातील भाव खाली ठेवण्याचा भार कोणाच्या चाळीतल्या कांद्याने उचलला, हे त्याला कोणाही प्राध्यापकाहून स्पष्ट ठाऊक होते. दिंडोरीत त्या वेळी केंद्रातील राज्यमंत्री पराभूत झाल्या. त्याच जिल्ह्याने सहा महिन्यांनी विधानसभेस अगदी उलट कौल दिला. याला कोणी चंचलपणा म्हणतील. मला असे वाटते की, निराळा प्रश्न विचारला म्हणून निराळे उत्तर आले, हेही संभवनीय आहे. अमेरिकेतही २०२४ च्या निवडणुकीत किराणा मालाच्या महागाईने पुष्कळांची मने बनविली. तेथे आम्ही तिला 'आर्थिक प्रश्न' म्हणालो, येथे 'कांद्यावर विकले गेलेले मत' म्हणालो.

स्वार्थाचा आक्षेपही आपण आपल्याच तराजूत घालून पाहू. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतन योजनेसाठी राज्यातील सरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले. त्यात माझ्या व्यवसायातील बंधू होते, आणि ती मागणी मला न्याय्य वाटली, अजूनही वाटते. वेतन आयोग लागू करण्यास विलंब करणाऱ्या सरकारांविषयी आमच्या शिक्षकांच्या खोलीत जे बोलले जाते ते लासलगावच्या बोलण्याहून मुळीच निराळे नसते. भेद इतकाच की, आमच्या स्वार्थास आम्ही 'धोरण' हे नाव देतो आणि त्यांच्या धोरणास 'स्वार्थ' म्हणतो. पंधराशे रुपयांसंबंधी मी पुढे एके दिवशी मावशींस विचारलेच. त्या वर्षी सुरू झालेल्या 'लाडकी बहीण' योजनेचे पैसे त्यांस मिळत होते. सत्तेवरील पक्षांनी ते एकवीसशे करू म्हटले होते, विरोधकांनी तीन हजारांचे वचन दिले होते. मावशी म्हणाल्या, "पैसं घेतलं की सर, कशाला खोटं बोलू? पण दोन्हीकडचं देतो म्हणत्यात. मग पैशाचं काय बघायचं? माणूसच बघायचा राहिला." तर्कशास्त्राच्या वर्गात मी समान पदे दोन्ही बाजूंनी वगळावयास शिकवितो. मावशींस ते कोणी शिकविले नव्हते.

येथे मला एका गोष्टीची कबुली दिली पाहिजे, नाहीतर सामान्य मनुष्याची खोटी पूजा मांडल्यासारखे होईल. सामान्यांची मते पुष्कळदा जातीवरून बनतात, अफवेवरून बनतात, वाड्यावरच्या किंवा वस्तीतल्या एखाद्या दांडग्या माणसाच्या शब्दावरून बनतात. टँकराबरोबर आलेला मनुष्य कदाचित त्या पाणीटंचाईस स्वतःच कारण झालेला असेल. गाडीची काच खाली न करणारा कदाचित सभागृहात चांगले काम करीत असेल. जे जवळून दिसते तेवढेच खरे मानणे हा या मतांचा दोष आहे. परंतु जे लांबून दिसते तेवढ्यावरच बोलणे हा आमच्या मतांचा दोष आहे, आणि त्यास आम्ही विद्वत्ता म्हणतो. ट्रंप आणि हॅरिस यांच्यासंबंधी मी जे बोललो ते चुकीचे ठरले असते तरी माझे काय गेले असते? कोणी जाब विचारणार नव्हते. मत द्यावयाचे नव्हते. एका चहाच्या कपाइतकाही धोका त्यात नव्हता.

मला वाटते, विवेचनाची किल्ली येथे आहे. उमेदवाराविषयीच्या मताची किंमत ते बनविणाऱ्याच्या ज्ञानावरून पुरी ठरत नाही. ती त्या मताचे उत्तरदायित्व त्याने किती घेतले यावरून ठरते. मी हे मत का बनविले हे मला सांगता येते काय, त्याचा परिणाम मला भोगावा लागेल काय, आणि तो भोगण्याची माझी तयारी आहे काय? या तिन्ही प्रश्नांस मावशींजवळ उत्तर होते. मजजवळ, त्या संध्याकाळी, एकासही नव्हते.

मत असणे आणि मत देणे यांची फारकत आमच्या नाशिकने दोन प्रकारांनी पाहिली आहे. १९३० साली पंचवटीतील काळाराम मंदिराचे दार अस्पृश्यांस उघडावे म्हणून डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. तो पुढे काही वर्षे चालविण्यात दादासाहेब गायकवाड अग्रभागी होते. दार उघडले नाही. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या लाटेत याच नाशिकने दादासाहेबांस लोकसभेवर पाठविले. केवळ एका समाजाच्या मतांवर ते घडणे शक्य नव्हते. ज्यांनी सत्ताविस वर्षांपूर्वी त्यांस मंदिराच्या पायरीवर चढू दिले नसते अशा पुष्कळांनी त्यांच्या नावापुढे मत दिले असले पाहिजे. त्या सर्वांची मनातली मते बदलली होती असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तथापि दिलेल्या मताने आपले काम केले. मनात राहिलेल्या मतास मागून यावे लागले. याच्या उलट प्रकार १९६३ चा. चीनच्या आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, आणि नाशिकच्या पोटनिवडणुकीत ते बिनविरोध निवडून आले. त्यांच्याविषयी नाशिककरांचे मत अत्यंत अनुकूल होते यात शंका नाही. परंतु ते देण्याचा प्रसंगच कोणास आला नाही. एकमत ही गोड वस्तू आहे; तथापि त्या वर्षी उत्तरदायित्व कोणी घेतले असे विचारल्यास सांगता येणार नाही.

मग परदेशच्या उमेदवारांविषयी आपण मत बनवूच नये काय? तसे मला म्हणावयाचे नाही. मावशींनी विचारले होते, तिथे कोणी आला तर आपल्यास काय फरक पडेल? मी हसण्यावारी नेलेला तो प्रश्नच त्या संध्याकाळचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होता. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या पुष्कळशा मालावर ५० टक्क्यांपर्यंत जकात बसविली, आणि ज्या कारखानदारांनी व कामगारांनी त्या देशाच्या मतपत्रिकेस कधी हात लावलेला नव्हता त्यांस तिची झळ लागली. परिणाम भोगावयाचा आणि मत मात्र नाही, अशी ही अवस्था. १९३७ च्या यादीत ज्यांचे नाव नव्हते त्यांच्या अवस्थेशी ती जुळती आहे. अशा मनुष्याने जगाकडे डोळे उघडे ठेवून पाहावे, हे योग्यच. फक्त पेनसिल्व्हेनियाकडे पाहता पाहता स्वतःच्या गल्लीतील तिसऱ्या उमेदवाराचे नाव त्याने विसरू नये. कारण तेथे त्याच्या हाती काही नाही, येथे आहे.

मिलचे आणखी एक म्हणणे होते. मत ही मनुष्याची खाजगी मालमत्ता नसून समाजाने त्याजजवळ ठेवलेली ठेव आहे, म्हणून ते गुप्तपणे नव्हे तर उघडपणे दिले जावे. त्यातील पहिला भाग मला पूर्णपणे पटतो, दुसरा पटत नाही. ज्या बाईची रोजी दुसऱ्याच्या घरावर अवलंबून आहे तिचे मत प्रथम त्या घराच्या मालकापासून सुरक्षित असले पाहिजे. म्हणजे या प्रकरणी, मजपासून. उत्तर द्यावयाचे ते आपल्या मनास, आणि आपण होऊन ज्यास द्यावेसे वाटेल त्यास.

२० नोव्हेंबरच्या आदल्या रात्री मी आमच्या मतदारसंघातील सर्व उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून काढून वाचली. मिळकत, कर्ज, शिक्षण, चालू खटले, सारे त्यात लिहिलेले असते. ते वाचण्यास दीड तास लागला. इतकी वर्षे तेवढा वेळ मला मिळाला नव्हता. सकाळी मावशी कामावर आल्या तेव्हा त्यांनी ज्याची स्तुती केली होती त्याच्यावरील एका खटल्याची माहिती मी त्यांस सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली, क्षणभर विचार केला, आणि म्हणाल्या, "ते मला ठाव नव्हतं. पण तुम्ही म्हणता त्या दुसऱ्याला आमच्या वस्तीत कुणी पाहिलेलं नाही, हे तुम्हांला ठाव हाय का?" ते मला ठाऊक नव्हते.

दुपारी आम्ही दोघेही आपापल्या केंद्रांवर जाऊन आलो. मी कोणास मत दिले ते त्यांनी विचारले नाही, आणि त्यांनी कोणास दिले ते मी विचारले नाही. संध्याकाळी कप उचलताना त्यांच्या बोटावरची शाई मला दिसली, तशीच माझ्या बोटावरची त्यांस दिसली असेल. स्नेही मंडळी त्या दिवशीही जमली होती. त्यांपैकी दोघांच्या बोटांवर शाई नव्हती.